ऊस रानात, नोंद कारखान्यात : आपले सर्व्हर कोडमधून क्लाउडच्या देखरेखीखाली आणताना

"म्हणजे आमच्या मशिनी तू मुंबईला नेणार काय रे?"

बेळगावच्या उद्यमबागमध्ये एका फौंड्रीच्या मालकांनी (मी त्यांना काका म्हणतो) मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. ऑफिसच्या मागच्या खोलीत त्यांचे दोन सर्व्हर आहेत. एकावर हिशेब आणि स्टोअर, दुसऱ्यावर पॅटर्नची ड्रॉइंग आणि कास्टिंगचे टेस्ट रिपोर्ट. सीमेपलीकडं महाराष्ट्रात, शिनोळीच्या नव्या युनिटमध्ये आणखी दोन. चारही मशीन मीच बघतो. एखाद्याची डिस्क भरली किंवा अपडेट राहिलं, की मोटरसायकल काढून वेंगुर्ला रोडनं शिनोळीला जायचं, नाहीतर उद्यमबागला. म्हणून मी काकांना सुचवलं, की ही चारही मशीन क्लाउडच्या, म्हणजे मोठ्या कंपन्या इंटरनेटवरून पुरवतात त्या, मॅनेजमेंट सेवेत नोंदवून टाकू. त्यातला 'नोंदवू' हा शब्द बाजूलाच राहिला. त्यांच्या कानात 'क्लाउड' तेवढा शिरला.

मी हुक्केरी तालुक्यातला, घरी ऊस आहे. काकांचंही रान आहे. त्यामुळं मी त्यांना कॉम्प्युटरचं काहीच सांगितलं नाही, उसाच्या नोंदीचं सांगितलं.

लागण झाली की आपण कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन नोंद देतो. सर्व्हे नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. ऊस कुठं जात नाही, रानातच उभा राहतो. पाणी आपण पाजतो, खत आपण घालतो. नोंदीमुळं एवढंच होतं, की कुठल्या शिवारात कुणाचा किती ऊस उभा आहे आणि तो तोडीला कधी येणार हे कारखान्याच्या वहीत येतं. कारखान्याचा चिटबॉय अधूनमधून रानात येऊन बघून जातो, ऑफिसात जाऊन सांगतो. तोडीची चिठ्ठी त्या नोंदीवरून निघते. नोंद नसलेला ऊस कितीही भारी असला तरी टोळी त्याच्या बांधावर येत नाही.

सर्व्हरची नोंद हीच. मशीन खोलीतच राहतं, ड्रॉइंग त्याच डिस्कवर राहतात. मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसतो, त्याला एजंट म्हणतात. हा आपला चिटबॉय. क्लाउडमधली मॅनेजमेंट सेवा म्हणजे गट ऑफिस. तिथल्या यादीत आपल्या मशीनचं नाव चढतं, आणि मग बेळगावात घरी बसून मला चारही मशीनची अवस्था दिसते, एकाच वेळी चौघांना हुकूम देता येतो.

अशा सेवा बऱ्याच आहेत. अ‍ॅमेझॉनची 'सिस्टम्स मॅनेजर' आहे. मायक्रोसॉफ्टची 'अझूर आर्क' २०१९ साली जाहीर झाली. मी इथं मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या सेवेबद्दल लिहितोय, कारण त्या चार मशीनवर मी तीच वापरली. कल्पना दोन्हीकडं एकच आहे, आर्कचं एक वेगळेपण तेवढं पुढं येईल.

आता काकांचा खरा प्रश्न. क्लाउडमध्ये नेमकं जातं काय? मशीनचं नाव, आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, एजंट जिवंत आहे की नाही. इन्व्हेंटरी चालू केली तर कुठली सॉफ्टवेअर बसवली आहेत त्याची यादी, पॅच तपासणी लावली तर कुठले पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, राहिलेत ते. कास्टिंगचं ड्रॉइंग यात कुठंच नाही. पण इथं थांबलो तर मी काकांना अर्धंच खरं सांगितलं असं होईल. लिनक्सवर हा एजंट रूट म्हणून, म्हणजे सर्वांत वरच्या अधिकारानं चालतो आणि विंडोजवर सिस्टिमच्या अधिकारानं. ज्याच्या हातात क्लाउड खात्याचे पुरेसे अधिकार आहेत, तो या एजंटकडून त्या मशीनवर काहीही करवून घेऊ शकतो, फाइल उचलायलाही लावू शकतो. म्हणजे नोंदणीनं डेटा आपोआप बाहेर जात नाही, पण खोलीच्या दाराला आणखी एक किल्ली तयार होते आणि ती क्लाउड खात्यात असते. ते खातं दुहेरी पडताळणीशिवाय उघडता कामा नये, आणि त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या चौघांना माहीत असता कामा नये. मी काकांना हे आधी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, आणि मगच काम हाती घेतलं.

नोंद नेमकी कशी होते हे पाहू, कारण सगळी खुबी तिथं आहे.

क्लाउडच्या दृष्टीनं उद्यमबागमधला सर्व्हर हा अनोळखी माणूस. अ‍ॅमेझॉननं स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये दिलेल्या मशीनची ओळख त्यांची त्यांना असते. बाहेरचं मशीन दारात येऊन म्हणालं, 'मी अमक्या खात्याचा', तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी आधी दोन गोष्टी तयार कराव्या लागतात.

पहिली, रोल. रोल म्हणजे वटमुखत्यारपत्र समजा. पुण्या-मुंबईला राहणारी भावंडं गावच्या जमिनीसाठी एकाच्या नावानं मुखत्यारपत्र करतात, तेव्हा त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात, कुणाला दिलंय आणि कशासाठी दिलंय. रोलमध्येही हेच दोन भाग. 'कुणाला' मध्ये सिस्टम्स मॅनेजर या सेवेचं नाव. 'कशासाठी' मध्ये अ‍ॅमेझॉननंच तयार ठेवलेली एक परवानगी जोडतात, तिचं नाव 'अ‍ॅमेझॉन एसएसएम मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर', सगळं सलग लिहायचं. एजंटला आपलं रोजचं काम करायला जेवढं लागतं तेवढंच तीत आहे. घाईत लोक इथं मोठी परवानगी जोडून मोकळे होतात. मुखत्यारपत्रात 'विक्रीसह सर्व अधिकार' लिहून दिल्यावर गावाकडं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तेवढी एक परवानगी पुरते, जास्तीची जोडू नका.

दुसरी, अ‍ॅक्टिव्हेशन. हे ओटीपीसारखं आहे. क्लाउडला सांगायचं, 'मला या रोलसाठी एक अ‍ॅक्टिव्हेशन दे.' तो दोन गोष्टी परत देतो, एक आयडी आणि एक कोड. कोड त्या एकाच वेळी दिसतो. तेव्हा जपून ठेवला नाही तर पुन्हा कुठंही बघायला मिळत नाही, नवीन अ‍ॅक्टिव्हेशन करावं लागतं. बँकेच्या ओटीपीपेक्षा फरक दोन. एका अ‍ॅक्टिव्हेशनवर किती मशीन नोंदवायची हे आपण ठरवतो, काहीच सांगितलं नाही तर एक, जास्तीत जास्त १०००. आणि मुदतही आपणच ठरवतो, काहीच सांगितलं नाही तर २४ तास, जास्तीत जास्त ३० दिवस. मी पहिल्या वेळी दोन्ही आकडे न सांगताच सोडले होते. उद्यमबागचं पहिलं मशीन नोंदलं गेलं, दुसऱ्याला नकार मिळाला, कारण मर्यादा एकाची. ती वाढवून नवीन अ‍ॅक्टिव्हेशन केलं, आणि शिनोळीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो तोवर त्याचीही मुदत संपली होती.

मुदत संपली म्हणजे आधी नोंदलेली मशीन तुटत नाहीत, हे लक्षात ठेवा. ओटीपी संपला म्हणून त्यानं उघडलेलं खातं बंद होत नाही, तसंच.

हा आयडी आणि कोड सर्व्हरवरच्या एजंटला दिला, की तो स्वतःच्याच मशीनवर किल्ल्यांची एक जोडी तयार करतो, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. खाजगी किल्ली मशीनच्या बाहेर पडत नाही. सार्वजनिक किल्ली, कोड आणि आयडी घेऊन तो क्लाउडच्या दारात जातो. कोड बरोबर असला तर मशीनला एक क्रमांक मिळतो. अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या मशीनचे क्रमांक नुसत्या 'आय' या अक्षरानं सुरू होतात, बाहेरून नोंदलेल्यांचे 'एमआय' नं. यादीत 'एमआय' दिसलं की समजायचं, हा ऊस आपल्या रानातला. इथून पुढं कोडचं काम संपलं. एजंट खाजगी किल्लीनं सही करून आपली ओळख पटवतो आणि त्याला रोलखाली थोड्या वेळापुरते अधिकार मिळतात, ते संपत आले की तो पुन्हा मागून घेतो. कायमचा पासवर्ड कुठंच लिहून ठेवावा लागत नाही. या सगळ्या मांडणीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे.

आणखी एक शंका नेहमी येते. क्लाउड आमच्या नेटवर्कमध्ये शिरणार, मग फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या राखणीच्या भिंतीला, भोक पाडायचं काय? नाही. गट ऑफिस उठून तुमच्या घराचं दार ठोठावत नाही, चिटबॉयच ऑफिसात जाऊन विचारतो, 'माझ्या गटासाठी काही चिठ्ठी आहे काय?' एजंटही आतून बाहेर जोडणी करतो, पोर्ट ४४३ वरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं क्रमांक घातलेलं दार), म्हणजे आपण ब्राउझरमध्ये बँकेची वेबसाइट उघडतो त्याच वाटेनं. बाहेरून आत यायला एकही पोर्ट उघडावं लागत नाही. काकांच्या फायरवॉलवर पूर्वी रिमोट डेस्कटॉपसाठी बाहेरून आत एक पोर्ट उघडं ठेवलेलं होतं. नोंदणी झाल्यावर मी सर्वांत आधी ते बंद केलं.

आता कोडकडं येऊ. क्लाउडच्या वेबसाइटवर जाऊन हे सगळं बटणं दाबूनही होतं. एकच मशीन असेल तर खुशाल बटणं दाबा. पण चार मशीन झाली, त्यातली दोन दुसऱ्या राज्यात, आणि सहा महिन्यांनी पाचवं यायचंय, तर कुठली बटणं कुठल्या क्रमानं दाबली हे आठवणीत राहत नाही. कोड म्हणजे ती सगळी बटणं कागदावर उतरवलेली. मी उद्या आजारी पडलो तरी दुसरा माणूस तो वाचून तेच काम तसंच करू शकतो. छोट्या कारखान्यांमध्ये कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस मीच आहे, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कोडचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिला तुकडा माझ्या लॅपटॉपवर, माझ्या अधिकारानं चालतो. तो रोल तयार करतो आणि अ‍ॅक्टिव्हेशन मागतो. पायथनमध्ये त्यासाठी 'बोटो३' नावाची लायब्ररी आहे, किंवा टेराफॉर्म हे क्लाउडमधली मांडणी कोडमधून उभी करणारं साधन वापरता येतं. दुसरा तुकडा सर्व्हरवर चालतो. तो एजंट बसवतो आणि नोंद करतो. सर्व्हरपर्यंत फक्त आयडी आणि कोड पोचायला हवा. माझ्या खात्याची कायमची किल्ली सर्व्हरवर ठेवून त्याच्याकडूनच सगळं करवून घेणारी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. ते म्हणजे चिटबॉयच्या हातात कारखान्याच्या तिजोरीची चावी. मशीन चोरीला गेलं तर पूर्ण खातं गेलं.

पहिल्या तुकड्यात एक खड्डा आहे. रोल तयार झाल्याझाल्या त्याच सेकंदाला अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं तर क्लाउड म्हणतो, असा रोलच नाही. रोल असतो, पण त्याची वर्दी सगळीकडं पोचायला थोडा वेळ लागतो. तलाठ्यानं फेरफार धरला तरी उताऱ्यावर नाव यायला वेळ जातो, तसं. कोडमध्ये काही सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, एवढंच. टेराफॉर्म वापरणाऱ्यांनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या नोंदवहीत, म्हणजे स्टेट फाइलमध्ये, अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड उघडा लिहिलेला राहतो. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकू नका, आणि मुदत कमीत कमी ठेवा, म्हणजे कोड कुणाच्या हाती लागला तरी तो वाळलेला असेल.

प्रदेशही, म्हणजे क्लाउडच्या डेटा सेंटरचा भागही, जुळला पाहिजे. अ‍ॅमेझॉनचे भारतात दोन प्रदेश आहेत, मुंबई २०१६ पासून आणि हैदराबाद २०२२ पासून. मुंबईत काढलेलं अ‍ॅक्टिव्हेशन घेऊन एजंटला हैदराबादच्या दारात पाठवलं तर तिथं त्याला कोणी ओळखत नाही. सीमेवर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मालक एकच, माल एकच, पण उद्यमबागच्या बिलावर जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि शिनोळीच्या बिलावर २७ नं. एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यात टाकलं तर ऑडिटरचा फोन येतो. माझी चारही मशीन मी मुंबईतच नोंदवली आणि प्रदेशाचं नाव कोडमध्ये एकाच जागी लिहिलं, दोन्ही तुकडे तिथूनच वाचतात.

दोन युनिटांचा फरक टॅगमधून सांभाळला. टॅग म्हणजे मशीनला लावलेली चिठ्ठी. अ‍ॅक्टिव्हेशन करतानाच टॅग दिले, की त्यावर नोंदलं जाणारं प्रत्येक मशीन ते टॅग घेऊनच यादीत येतं. एकदा केलेल्या अ‍ॅक्टिव्हेशनवर मागाहून टॅग चढवता येत नाही, म्हणून आधीच विचार करायचा. मी दोन अ‍ॅक्टिव्हेशन केली, उद्यमबागचं वेगळं आणि शिनोळीचं वेगळं. आता 'शिनोळीच्या सगळ्या मशीनवर डिस्क किती भरली ते दाखव' असा एक हुकूम सोडला, की मिनिटभरात उत्तर येतं. पूर्वी त्यासाठी अर्धा दिवस जायचा.

दुसऱ्या तुकड्यात मी सर्वांत मोठी चूक केली, ती सविस्तर सांगतो. आधीच नोंदलेल्या मशीनवर पुन्हा नोंद करायला गेलं, तर एजंट विचारतो, 'हे मशीन आधीच नोंदलेलं आहे, जुनी नोंद पुसून नवीन करू काय?' स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला माणूस बसलेला नसतो, म्हणून 'हो' असं उत्तर आधीच देऊन ठेवायची सोय आहे. मी ती वापरली. एका मशीनचं काम अडलं म्हणून स्क्रिप्ट चारही मशीनवर पुन्हा चालवली, आणि पुन्हा एकदा. संध्याकाळी यादी उघडली तर चार मशीनच्या जागी दहा क्रमांक. त्यातले सहा मेलेले, जोडणी तुटल्याचं दाखवणारे. एकाच रानाची तीन-तीन वेळा नोंद लागल्यावर गट ऑफिसात जो गोंधळ होईल, तोच.

आता माझा दुसरा तुकडा असा आहे. मराठीत लिहितो, कुठल्याही भाषेत उतरवता येईल:

मशीनची वेळ बरोबर आहे काय? नसेल तर थांब आणि सांग.
एजंट बसवलेला आहे काय? नसेल तर बसव.
नोंदणीची फाइल आहे काय?
असेल, तर तीत कुठला क्रमांक आणि कुठला प्रदेश आहे ते वाच.
प्रदेश बरोबर असेल, तर काही करू नको.
फाइल नसेल, तरच आयडी आणि कोड देऊन नोंद कर.
शेवटी मिळालेला क्रमांक मला कळव.

नोंदणीची ही फाइल लिनक्सवर एजंटच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते, 'रजिस्ट्रेशन' याच नावाची. तिच्यात मशीनचा क्रमांक आणि प्रदेश लिहिलेला असतो. ती आधी वाचली, की स्क्रिप्ट दहा वेळा चालवली तरी निकाल तोच राहतो. पुन्हा पुन्हा चालवलं तरी बिघडू नये, हा गुण स्क्रिप्टमध्ये असायलाच हवा, कारण ती पुन्हा चालवावी लागतेच.

पहिली ओळ वेळेची का, ते सांगायला हवं. चारपैकी तीन मशीन रुळावर आली, पण उद्यमबागचा ड्रॉइंगवाला जुना सर्व्हर काही केल्या ऐकेना. लॉगमध्ये येत होतं, की समोरच्याच्या सर्टिफिकेटची, म्हणजे ओळखपत्राची, मुदत संपलीय किंवा अजून सुरू झालेली नाही. मला फायरवॉलचा संशय आला. मग रोलचा. मी नवीन अ‍ॅक्टिव्हेशन केलं, एजंट काढून पुन्हा बसवला. दोन तास गेले. स्टोअरमधला एक मुलगा चहा ठेवायला आला होता, तो स्क्रीनकडं बघून म्हणाला, "सर, तारीख बघा की. २०१५ दाखवालंय."

आदल्या रात्री जोराच्या पावसात वीज गेली होती. यूपीएसनं जमेल तेवढा वेळ ओढलं आणि सोडलं. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी मदरबोर्डवरची गोल बॅटरी, सीआर २०३२, मेलेली होती. त्यामुळं वीज आल्यावर मशीन कारखान्यातून निघालं तेव्हाच्या तारखेवर जाऊन बसलं. क्लाउडचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं असं त्यावर लिहिलेलं असतं. २०१५ मध्ये बसलेल्या मशीनला ते भविष्यातलं वाटलं, आणि त्यानं जोडणी नाकारली. म्हणजे क्लाउडनं आपल्याला नाकारलं नव्हतं, आपल्याच मशीननं क्लाउडला नाकारलं होतं. आणि हे दार ओलांडलं असतं तरी पुढं अडलंच असतं, कारण अ‍ॅमेझॉनकडं जाणाऱ्या प्रत्येक सहीवर वेळ असते आणि ती साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त चुकलेली असली की विनंती फेटाळली जाते.

मग इंटरनेटवरून घड्याळ आपोआप दुरुस्त का झालं नाही? ती दुरुस्ती पोर्ट १२३ वरून होते, आणि फायरवॉलमध्ये बाहेर जायला फक्त ४४३ उघडं होतं. 'एजंटला ४४३ पुरतं' हे कागदावर खरं आहे. पण एजंट घड्याळावर विसंबून असतो आणि घड्याळ १२३ वर, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. मी १२३ बाहेर जायला उघडलं, बॅटरी बदलली, आणि नोंद पहिल्याच फटक्यात झाली. तुमच्याकडं सात-आठ वर्षांपेक्षा जुनी मशीन असतील तर नोंदणीला हात घालण्याआधी त्यांची तारीख बघा.

डिस्कची हुबेहूब प्रत काढून नवीन मशीन तयार करायची सवय आपल्याकडं सर्रास आहे. एजंट नोंदलेल्या मशीनची प्रत काढली, तर खाजगी किल्लीचीही प्रत निघते. एजंट हे ओळखायला मशीनच्या हार्डवेअरचा एक ठसा सांभाळतो आणि तो जुळला नाही तर तक्रार करतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. प्रत काढायची असेल तर नोंदणीच्या आधीची काढा, आणि नवीन मशीनची नोंद नव्यानं करा.

खर्चाचं थोडक्यात. सिस्टम्स मॅनेजरमध्ये एका खात्यात, एका प्रदेशात १००० पर्यंत बाहेरची मशीन साध्या स्तरावर नोंदवायला पैसे पडत नाहीत. पण ब्राउझरमधून थेट त्या मशीनच्या कमांड स्क्रीनवर बसायची जी सोय आहे, ती बाहेरच्या मशीनसाठी हवी असेल तर वरचा स्तर घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक मशीनमागे ताशी आकारला जातो. स्तर बदलला की त्या प्रदेशातल्या सगळ्या बाहेरच्या मशीनना लागू होतो, एकट्या-दुकट्याला नाही. आम्ही साध्यावरच आहोत. हुकूम पाठवणं आणि उत्तर वाचणं एवढ्यावर काकांचं काम भागतं.

आर्कचं वेगळेपण म्हणालो होतो, ते आमच्या भागात नेमकं लागू पडतं. आर्कचा एजंट दर ५ मिनिटांनी आपण जिवंत असल्याची खूण पाठवतो. खूण थांबली की यादीत मशीन तुटलेलं दिसतं, आणि ४५ दिवस तसंच राहिलं तर त्याची नोंद कालबाह्य होऊ शकते. मग मशीन नुसतं सुरू करून भागत नाही, तिथं जाऊन जुनी जोडणी काढून नवीन करावी लागते. आता साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांपुढं आणा. गळीत हंगाम संपला की काट्याचा कॉम्प्युटर बंद होतो, तो थेट पुढच्या हंगामाला सुरू होतो. मध्ये ४५ दिवस कितीतरी वेळा उलटतात. बॉयलर पेटतो, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत लागतात, आणि नेमकं तेव्हा कळतं की काट्याच्या मशीनची नोंद कालबाह्य झालीय. अशा ठिकाणी आर्क वापरत असाल तर बंद काळातही महिन्यातून एक दिवस मशीन इंटरनेटसह चालू ठेवायला सांगा, किंवा पुन्हा नोंद करणारी स्क्रिप्ट हंगामाच्या पंधरा दिवस आधी चालवायचं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नोंद काढणं हा भाग सगळेच विसरतात. तो ड्रॉइंगवाला जुना सर्व्हर अखेर यंदा काढला, ड्रॉइंग नव्या मशीनवर गेली. भंगारात द्यायच्या आधी दोन्ही टोकांना काम करायचं असतं. क्लाउडच्या यादीतून त्या क्रमांकाची नोंद रद्द करायची, आणि मशीनवर एजंटची नोंदणी पुसायची, म्हणजे खाजगी किल्ली भंगारवाल्याच्या गाडीत जाणार नाही. मग डिस्क पूर्ण पुसायची. मी हे करत होतो तेव्हा काका शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर काढलं, त्या सर्व्हरची ओळ शोधली आणि मला म्हणाले, "तो एमआयवाला नंबर सांग बघू." मी एकेक अक्षर वाचत गेलो. त्यांनी तो जुन्या ओळीसमोर लिहिला, पुढं 'नोंद रद्द' लिहून तारीख टाकली, आणि खाली नव्या मशीनसाठी एक ओळ मोकळी सोडली.